खुंटीचा कानमंत्र

भाचेबाई, पुस्तकांचं कपाट स्वतःच्या हातानं करायचं मनावर घेतलंयस, हे ऐकून फार बरं वाटलं. सांधे खिळ्यांनी नको, लाकडी खुंट्यांनी जोड. दुकानात डॉवेल म्हणून मागितल्यास की देतात. खुंटी सांध्याच्या पोटात लपते, पण कपाट दहा वर्षांनी डुलणार की नाही, हे तीच ठरवते. खरं काम मात्र ती ठोकण्याआधीचं आहे. तुझी घाई मला ठाऊक आहे, म्हणून सावकाश वाच.

१. खुंटी फळीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून बारीक नको आणि निम्म्याहून जाड नको. १८ मिमी प्लायला ८ मिमीची बरोबर — बारीक खुंटी मोडते, जाड खुंटीमुळे फळी पातळ होऊन चिरते.

२. एका सांध्यात निदान दोन खुंट्या घाल — एकटीभोवती फळी फिरते. एक खुंटी खेळवते, दोन खुंट्या खिळवतात.

३. प्रत्येक फळीच्या दर्शनी बाजूवर पेन्सिलीनं खूण कर आणि सगळी मापं त्याच बाजूकडून घे — एकाच प्लायमधून कापलेल्या फळ्यांतही केसभर फरक असतो. तो मागे गेला तर कुणाला दिसत नाही, पुढे आला तर रोज दिसतो.

४. दुसऱ्या फळीवर पट्टीनं पुन्हा माप घेऊ नकोस. पहिल्या फळीच्या भोकांत डॉवेल सेंटर नावाच्या टोकदार धातूच्या टोप्या बसव, दुसरी फळी जागेवर टेकवून दाब — जिथे टोक उमटलं, तिथेच भोक. टोप्या मिळाल्या नाहीत तर भोकं पाडण्यापूर्वी खुणेवर बारीक खिळे अर्धवट ठोक, डोकी छाट, दुसऱ्या फळीवर ठसा घे आणि मग पक्कडीनं उपटून टाक.

५. ड्रिलला लाकडाचंच बिट लाव, मधे अणी असलेलं — लोखंडाचं बिट लाकडाच्या मऊ रेषेकडे सरकतं, आणि भोक खुणेच्या शेजारी पडतं.

६. ड्रिलशेजारी गुण्या उभा ठेव आणि समोरून एकदा, बाजूनं एकदा बघ — तिरक्या भोकातली खुंटी आत जाते खरी, पण दोन्ही फळ्यांना आपल्या कलानं ओढते.

७. खोलीचा हिशेब कागदावर मांड. खुंटी ३० मिमीची असेल तर उभ्या फळीत १२ मिमी आणि आडव्या फळीच्या काठात २० मिमी — बेरीज ३२ होते, ते वरचे २ मिमी गोंदाला हवेत. बिटाला त्या खोलीवर रंगीत टेप गुंडाळ. १८ मिमीच्या फळीतून बिट पलीकडे निघालं की लपवायला जागा नसते.

८. खुंट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, आणि पावसाळ्यात काम असेल तर आधी ऊन दाखव — कोरडी खुंटी गोंदातलं पाणी पिऊन भोकात फुगते, आधीच फुगलेली मात्र पुढे सुकून सैल पडते. खुंटी सुकी तर मिठी पक्की.

९. अंगावर उभ्या खाचा असलेल्या खुंट्या घे — त्या खाचांतून हवा आणि जास्तीचा गोंद वर येतो. गुळगुळीत खुंटी ठोकलीस तर कोंडलेला गोंद फळी फाडतो; तशीच वापरायची वेळ आली, तर करवतीच्या पात्यानं तिला एक उभी चीर पाड.

१०. गोंद लावण्याआधी सगळं कपाट एकदा कोरडं उभं कर — चुकलेली फळी तेव्हा हातानं निघते, गोंदानंतर करवतीनं. आधी कोरडं जुळव, मग ओलं मिळव.

११. गोंद भोकाच्या भिंतींना काडीनं लाव, नुसता खुंटीला नको — खुंटी आत जाताना अंगावरचा गोंद तोंडाशीच निपटून निघतो. पांढरा गोंद असेल तर क्लॅम्प रात्रभर राहू दे, बाहेर आलेला ओघळ लगेच ओल्या फडक्यानं पूस — वाळलेल्या डागावर पॉलिश धरत नाही.

१२. सनमायकावर सनमायका ठेवून गोंद लावू नकोस — तो तिथे चिकटत नाही, सगळा भार खुंटीवर येतो.

१३. हा मंत्र मात्र नीट ऐक. पुढे कधी सागवानाच्या रुंद फळीचं टेबल केलंस, तर फळीच्या टोकाला जोडायच्या आडव्या पट्टीत मधलीच खुंटी चिकटव. कडेच्या खुंट्या लांबट भोकांत, बिनगोंदाच्या — भरीव लाकूड पावसाळ्यात रुंदीनं वाढतं, उन्हाळ्यात आकसतं, लांबीनं मात्र जवळजवळ नाहीच. त्याला सगळीकडून जखडलंस तर ते चिरतं. काँक्रीटच्या रस्त्यांतही आडव्या सांध्यांत गुळगुळीत सळया घालतात आणि त्यांची एक बाजू काँक्रीटला धरू देत नाहीत — चाकाचा भार पलीकडे पोचला पाहिजे, पण उन्हानं ताणलेल्या लादीला सरकायलाही मिळालं पाहिजे.

१४. ओलीच्या जागी खुंटीऐवजी लोखंडी खिळा नको — लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलेलं लोखंड दगडसुद्धा फोडतं. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये जुन्या कारागिरांनी लोखंडी पकडींभोवती शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत शिशाविना बसवलेलं नवं लोखंड गंजलं आणि संगमरवराला तडे गेले. पुढच्या दुरुस्तीत तिथे टायटॅनियम घातलं.

१५. गोंद नको असेल, तर खाच-कुसवाचा सांधा कर; कुसवातलं, म्हणजे खाचेत शिरणाऱ्या जिभेतलं, भोक सांध्याच्या खांद्याकडे मिलिमीटरभर सरकवून पाड आणि टोक निमुळतं केलेली खुंटी ठोक — दोन भोकं जुळायला बघतात, तसा सांधा आपोआप आवळला जातो. ही खुंटी करवतीनं कापलेली नको, रेषेवरून फोडलेली हवी. रेषा अखंड असली की ती वाकते, मोडत नाही.

१६. भाड्याच्या घरासाठी तयार सुट्ट्या भागांचं कपाट आणलंस, तर त्यातल्या खुंट्यांना गोंद लावू नकोस — तिथे खुंटी फक्त जागा दाखवते, ओढून धरायचं काम फिरवायच्या लॉकचं. घर बदलताना तेच कपाट टेम्पोत सपाट मावेल.

१७. आईची जुनी खुर्ची करकरायला लागली तर तिच्यात खिळा मारू नकोस — पायाला चीर गेली की पुढची दुरुस्ती अवघड. सांधा उघड, जुनी खुंटी तिच्याच मापाच्या बिटानं कोरून काढ आणि भोकातला वाळलेला गोंद पटाशीनं खरवडून लाकूड उघडं कर. जुन्या गोंदावर नवा पांढरा गोंद नीट धरत नाही.