ग्राइंडर घेताना आधी दाते बघा

मीठ आणि मिरीच्या ग्राइंडरची जोडी घ्यायला निघाला असाल, तर दुकानातच दोन्ही उलटे करून तळाचे दाते बघा. बाहेरून जोडी एकसारखी दिसली तरी दोघांची कामं अगदी वेगळी असतात. आम्हाला हे रत्नागिरीच्या पावसाळ्याने दाखवून दिलं.

आमच्याकडे स्टीलचा चकचकीत सेट होता. उन्हाळाभर दोन्ही ग्राइंडर छान चालले. आषाढात मिठाचा जड फिरायला लागला आणि श्रावणात अडकूनच बसला. खोलून बघितला, तर दात्यांच्या खाचांत ओलसर मिठाचा थर घट्ट बसलेला, दात्यांच्या टोकांवर तांबूस गंज, आतली स्प्रिंगही गंजलेली. सुरीच्या टोकाने खरवडल्यावर मिठाबरोबर गंजाच्या खपल्या निघाल्या. हे जेवणात पडत होतं, याचं फार वाईट वाटलं. शेजारचा मिरीचा ग्राइंडर मात्र ठणठणीत होता.

हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन पाझरायला लागतं. किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. मिठागरातल्या खड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो, त्यामुळे ते आणखी लवकर ओलं होतं. असं खारं पाणी दिवसेंदिवस साध्या स्टीलला लागून राहिलं की गंज चढणारच.

म्हणून मिठाला सिरॅमिकचे दाते घ्या. ते गंजत नाहीत. फक्त ठिसूळ असतात, फरशीवर आपटले तर कपचा उडतो, तेवढं सांभाळा. आत टाकायचे ते कोरडे खडेच, सैंधवाचे बारीक तुकडे चालतात. ओलसर खडं मीठ कुठल्याच ग्राइंडरमध्ये घालू नका.

मिरीला कडक केलेलं पोलाद उत्तम. वरचे मोठे दाते दाणा पकडून खाली सारतात आणि खालचे बारीक दाते तो फोडून दळतात. पुढे मोटारींमुळे जगाला माहीत झालेल्या फ्रान्सच्या प्यूजोने 1874 साली मिरीचा ग्राइंडर काढला, आणि त्यांच्या मिरीच्या ग्राइंडरमध्ये आजही पोलादी दातेच असतात. मसाल्याच्या तयार बाटल्यांच्या झाकणात बसवलेले दाते मात्र बहुधा प्लास्टिकचे असतात. जात्याला टाकी लावून घेता येते, यांना तशी सोय नाही. झिजले की दळण जाडंभरडं पडतं आणि झिजलेलं प्लास्टिक आपल्याच ताटात येतं.

दाते पटले की मधला दांडा धातूचा आहे का ते बघा. जाड-बारीक करायचा स्क्रू फिरवून बघा. भरायचं तोंड रुंद हवं, नाहीतर निम्मी मिरी ओट्यावर सांडते. दात्यांचा संच सुटा मिळतो का, हेही विचारा. बॅटरीवरच्या ग्राइंडरमध्ये बिघडू शकतील असे भाग जास्त. हात दुखत नसतील तर हाताचाच बरा.

वापरतानाही थोडी शिस्त लागते. उकळत्या पातेल्यावर ग्राइंडर धरू नका, वाफ सरळ दात्यांत शिरते. वाटीत दळा आणि मग आमटीत घाला. घरच्या वेलावरची मिरी असेल तर कडकडीत वाळवा. दाण्यात ओल राहिली तर दात्यांत लगदा होतो. ग्राइंडर पाण्याने धुवू नका, कोरड्या ब्रशने झाडा.

आता पैशाचा प्रश्न. मिरी दळली की तिच्यातली सुगंधी तेलं उडायला लागतात, म्हणून ताज्या मिरीपुडीला तोड नाही. मिठात उडून जाण्यासारखं काही नसतं. ते आज दळलं काय आणि महिन्याने दळलं काय, चव तीच. शिवाय ग्राइंडरसाठी मिळणाऱ्या सैंधवात बरेचदा आयोडीन घातलेलं नसतं, त्यामुळे रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच हवं. ते घट्ट झाकणाच्या चिनी मातीच्या बरणीत उत्तम राहतं. तेव्हा जोडीचा मोह सोडा आणि तेवढ्याच पैशात मिरीचा एकच, पण चांगला ग्राइंडर घ्या. दाते कशाचे आहेत हे दुकानदाराला सांगता आलं नाही आणि खोक्यावरही लिहिलेलं नसलं, तर तो ग्राइंडर तिथेच ठेवून या.