रक्तरंजित इतिहास कसा वाचावा?

शास्त्रवाचन : उत्पत्ती ४:८-१२, नहेम्या ९:१-३, मत्तय ७:१-५

म्हैसूरपासून सुमारे १५ किलोमीटरवर, कावेरीच्या बेटात श्रीरंगपट्टण वसले आहे. दर्या दौलत बागेतील भित्तिचित्रे पाहून यात्रेकरू माघारी फिरतात. परंतु प्रिय वाचकहो, या भूमीने पुष्कळ अश्रू आणि रक्त प्राशन केले आहे. हाबेलाच्या रक्ताची हाक जशी देवाने ऐकली, तशी या भूमीची हाक आपण कशी ऐकावी?

१. आपल्या लोकांचे दुःख

१७८४ साली टिपू सुलतानाने कानडा किनाऱ्यावरील कॅथलिक ख्रिस्ती लोकांना कैद करून घाटमार्गे श्रीरंगपट्टणास नेले. यांतील बहुतेकांचे पूर्वज गोव्याहून आलेले, भाषा कोंकणी. इंग्रजांना साहाय्य केल्याचा ठपका त्यांच्यावर होता. कैद्यांचे आकडे ३० हजारांपासून ८० हजारांपर्यंत सांगितले जातात. वाटेत व बंदिवासात असंख्य मरण पावले. अनेकांवर धर्मांतर लादले गेले. ४ मे १७९९ रोजी टिपू पडला, तेव्हा पंधरा वर्षांनी उरलेले सुटले. पुढे फ्रेंच मिशनरी आबे द्युबुआ यांनी या विखुरलेल्या कळपाची काळजी वाहिली. हे दुःख विसरणे म्हणजे मृतांवर दुसरा अन्याय होय.

२. आपल्या लोकांचा अपराध

परंतु स्मरण येथेच थांबले तर ते अर्धे राहते. १७९१ साली मराठे, निजाम व इंग्रज टिपूविरुद्ध लढत असता, पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला व तेथे माणसे मारली. लूट पेंढाऱ्यांनी केली असे काही अभ्यासक म्हणतात. तरी ते स्वार आले होते मराठी फौजेच्याच संगतीने. मठाच्या पुनःस्थापनेसाठी साहाय्य पाठविले ते टिपूने! त्याची शंकराचार्यांना लिहिलेली पत्रे १९१६ साली उजेडात आली. कानड्यातील ख्रिस्ती जनांचा छळ करणारा आणि शृंगेरीला हात देणारा मनुष्य एकच होता. एका गोष्टीने दुसरी पुसली जात नाही.

३. ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यांचा अपराध

त्याच काळी अमेरिकेच्या सीमाप्रांतात गोरे वसाहतवाले व मूळ रहिवासी यांच्यात रक्तपात चालला होता. ८ मार्च १७८२ रोजी ओहायो प्रदेशातील ग्नाडेनहुटन येथे, सीमेवरील हल्ल्यांचा सूड म्हणून, पेनसिल्व्हेनियाच्या सैनिकांनी लेनापे जमातीच्या ९६ निरपराध माणसांना ठार केले. त्यांत ३९ बालके होती. मेलेले मोरेव्हियन मिशनचे ख्रिस्ती होते. आदली रात्र त्यांनी प्रार्थनेत व गीतगायनात घालविली. मारणारेही ख्रिस्ती म्हणविणाऱ्या समाजातले होते.

येथे श्रीरंगपट्टण आणि ग्नाडेनहुटन यांचे नाते उघड होते. काहींच्या अपराधाची, किंवा नुसत्या संशयाची, शिक्षा साऱ्या समाजाला द्यावयाची, हेच दोन्हीकडचे पाप आहे.

४. आपली परीक्षा

कर्नाटकात २०१५ साली सरकारी टिपू जयंती सुरू झाली, वाद पेटले आणि २०१९ साली ती बंद झाली. प्रत्येक पक्षाने इतिहासाचे सोयीचे पान उघडले. अशा वेळी आपल्या पूर्वजांच्या यातना सांगून आजच्या मुसलमान शेजाऱ्याकडे बोट दाखविण्याचा मोह ख्रिस्ती मनालाही होतो. मोह नकोसा वाटत नाही, कारण सांगितलेली गोष्ट खरी असते. पण तो शेजारी १७८४ साली जन्मला नव्हता. त्याला दोषी धरणे म्हणजे ज्या न्यायाने आपले पूर्वज बंदीत गेले, तोच न्याय पुन्हा चालविणे होय.

नहेम्याच्या काळी लोकांनी स्वतःच्या पापांबरोबर पूर्वजांचीही पापे कबूल केली. आपणही आधी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ पाहावे. मग मृतांसाठी रडणे सूडाचे न राहता प्रार्थनेचे होईल.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या गावाच्या इतिहासातील कोणती घटना आपण सांगतो आणि कोणती टाळतो?
२. शृंगेरीची हकिकत वाचून मनात प्रथम काय आले : खेद की समर्थन?
३. पूर्वजांच्या कृत्यांसाठी आपण आज कोणत्या शेजाऱ्याला दोषी धरीत आहो?