भिशीच्या पैशांचा लॅपटॉप

२०२२च्या जुलैत माझी भिशी लागली. पंचवीस हजार रुपये. त्याच आठवड्यात लेकीला पुण्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, विषय सांख्यिकी. होस्टेल ठरलं, गादी-उशी, बादली, ताट-वाटी अशी यादी झाली आणि यादीत शेवटी होता लॅपटॉप. कराडला एका पतसंस्थेत मी सतरा वर्षं काम करते, दिवसभर संगणकासमोर बसते. त्यामुळे लॅपटॉप आईच निवडणार, हे घरात कुणी न बोलताच ठरलं होतं.

माझ्या अटी दोनच. पंचवीस हजारांत बसला पाहिजे आणि वजनाला हलका पाहिजे. ती एसटीने स्वारगेटहून येणार-जाणार, पाठीवर सॅक, हातात लाडू-चिवड्याच्या डब्यांची पिशवी. दुकानात अकरा इंची, सव्वा किलोचा एक लॅपटॉप समोर आला. एका हातात सहज उचलला गेला. किंमत साडेतेवीस हजार, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. माझ्या मोबाइलला तेवढंच स्टोरेज होतं आणि मला ते पुरत होतं. दुकानदार म्हणाले, "कॉलेजला काय लागतं ताई? वर्ड, एक्सेल, इंटरनेट. आरामात चालेल." मी त्यांना दोष देत नाही. मी जेवढं विचारलं तेवढ्याचं त्यांनी उत्तर दिलं.

लेक मात्र दुकानात नव्हती. तिला अचानक नेऊन द्यायचा होता मला. ती चूक आजही मला सगळ्यात मोठी वाटते.

पुढच्या मार्चमध्ये एका लग्नासाठी पुण्याला गेले, तेव्हा एक रात्र होस्टेलवर राहायची परवानगी मिळाली. रात्री साडेअकराला जाग आली. शेजारच्या कॉटवर तिची मैत्रीण झोपलेली. लेक भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, मांडीवर मैत्रिणीचा लॅपटॉप, स्क्रीनचा उजेड अगदी मंद केलेला. "तुझा कुठंय गं?" मी विचारलं. "चार्जिंगला लावलाय," म्हणाली. सकाळी कपाटातून टॉवेल काढताना तिचा लॅपटॉप मला कपड्यांच्या घडीखाली दिसला.

मी तो टेबलावर ठेवला आणि सुरू केला. भिंतीवर घड्याळ होतं. एक्सेलची एक फाइल उघडेपर्यंत सहा मिनिटं गेली. सी ड्राइव्हची पट्टी लाल, जेमतेम एक जीबी जागा उरलेली. विंडोजचा अपडेट जागेअभावी चार महिने अडकला होता. तिने स्वतःचे फोटो, गाणी, सगळं काढून टाकलं होतं, तरी जागा होत नव्हती. सुरुवातीचे तीन आठवडे तर तिच्या विषयाचं मुख्य सॉफ्टवेअर 'आर' त्यात बसतच नव्हतं. स्वस्त लॅपटॉपवर पुष्कळदा विंडोज 'एस मोड'मध्ये येतं आणि त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलेच प्रोग्राम बसतात. तो मोड फुकट काढता येतो (एकदा काढला की परत लावता येत नाही, एवढंच). पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एका सीनियरने ते करून दिलं.

"आठ महिने बोलली का नाहीस?"

"भिशीचे पैसे होते ना आई. तू ओट्याचं काम पुढं ढकललं होतंस."

मला काही बोलता आलं नाही.

त्याच दिवशी तो लॅपटॉप घेऊन आम्ही दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. मला वाटत होतं, रॅम वाढवून मिळेल. त्या मुलाने मागचं झाकण उघडलं आणि आम्हालाच आत पाहायला लावलं. रॅमच्या चिप्स मुख्य बोर्डाला सोल्डर केलेल्या, जास्तीची रॅम बसवायला स्लॉटच नाही. स्टोरेजही तसंच, 'ईएमएमसी' जातीचं, बोर्डालाच चिकटलेलं. आजकालच्या एसएसडीपेक्षा ते कितीतरी पटींनी हळू असतं. म्हणजे पैसे टाकूनही त्यात काही सुधारता येत नव्हतं.

स्वयंपाकघरात काम करणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. रॅम म्हणजे ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. फडताळात कितीही डबे असू देत, ओटा वीतभर असेल तर पोळपाट उचलल्याशिवाय भाजी चिरता येत नाही. माझ्या लेकीकडे ओटाही वीतभर होता आणि फडताळही भरलेलं. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान गरज म्हणून ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लिहिलं आहे. मी घेतलेल्या लॅपटॉपवर नेमके तेच आकडे होते आणि मी ते पुरेसे समजले. किमान म्हणजे विंडोज सुरू होण्यापुरतं. त्यावर अभ्यास करायचा तर आज ८ जीबीच्या खाली जाऊच नये आणि चार वर्षं वापरायचा असेल तर १६ जीबी असावी, किंवा पुढे वाढवायला एक स्लॉट रिकामा असावा. स्टोरेज ५१२ जीबीचं आणि एसएसडीच. कागदावर 'ईएमएमसी' हा शब्द दिसला की तो लॅपटॉप खाली ठेवावा.

जूनमध्ये आम्ही दुसरा घ्यायचं ठरवलं. या वेळी दुकानात जाण्याआधी मी तिला तिचा दिवस विचारला. सकाळी साडेसातला निघते, बसने जाते, पाचला परत येते. वर्गात प्लग किती? दोन, तेही फळ्याजवळ. लायब्ररीत? भिंतीकडेच्या टेबलांना आहेत, पण तिथे जागा मिळत नाही. काय काय चालवावं लागतं? आर, पायथन, एक्सेल. गेम? नाही. या पाच-सहा उत्तरांतून निम्मा लॅपटॉप ठरला. वजन दीड किलोच्या आत, स्क्रीन चौदा इंच, बॅटरी निदान पाच तास चालणारी आणि ग्राफिक्स कार्डाची गरज नाही.

बॅटरीबद्दल एक गोष्ट मी तेव्हा शिकले. जाहिरातीत 'दहा तास' असं लिहिलेलं असतं, ते सोडून द्यावं. वॉट-अवर हा आकडा विचारावा. साधं काम करताना लॅपटॉप ८ वॉटच्या आसपास खातो असं धरलं, तर ४१ वॉट-अवरची बॅटरी पाच तास देते. प्रकाश वाढवला, व्हिडिओ लावला की कमी. चार्जरचंही वजन मोजावं आणि शक्यतो टाइप-सीने चार्ज होणारा घ्यावा. मात्र टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही, काही लॅपटॉपमध्ये ते फक्त डेटासाठी असतं. हे विचारूनच घ्यावं लागतं.

वजनाचं महत्त्व माझ्या दिरांच्या घरी कळलं. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून त्यांनी पासष्ट हजारांचा गेमिंग लॅपटॉप घेतला. तो एकटाच २.३ किलो, वर अर्ध्या किलोचा चार्जर. वर्गात दोन तासांत बॅटरी संपते. दुसऱ्या महिन्यापासून तो होस्टेलच्या टेबलावरून हललेला नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चरच्या मुलांना त्रिमितीय डिझाइनसाठी ग्राफिक्स कार्ड खरंच लागू शकतं. पण ते पहिल्या वर्षी लागतं की तिसऱ्या, कॉलेजच्या लॅबमध्ये ते मशीन आहे की नाही, हे त्याच शाखेच्या सीनियरला विचारावं. कॉमर्सवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की टॅली विंडोजवर चालतं, क्रोमबुकवर ते बसत नाही. मेकॅनिकलचं सॉलिडवर्क्सही विंडोजचंच आहे. सॉफ्टवेअरची यादी आधी हातात घ्यावी, मग मॅक, क्रोमबुक, विंडोज हा विचार करावा.

प्रोसेसरच्या नावांत फार गफलत होते, म्हणून तिथे जरा थांबते. पहिल्या लॅपटॉपवर 'सेलेरॉन एन४०२०' लिहिलेलं होतं, दोन कोअरचा प्रोसेसर. २०२३पासून इंटेलने लॅपटॉपसाठी सेलेरॉन हे नाव बंद केलं, म्हणून तसले प्रोसेसर बंद झाले असं समजू नये. आता त्यांच्या जागी एन१००, एन२०० अशी नावं दिसतात. नुसतं 'आय३' पाहूनही निश्चिंत होऊ नये, कारण आय३-एन३०५ आणि आय३-१२१५यू हे दोन वेगळे प्रोसेसर आहेत. पहिल्यात सगळे कमी वीज खाणारे छोटे कोअर, दुसऱ्यात दोन ताकदीचे कोअरही आहेत. एएमडीचंही तसंच. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू यांत एका आकड्याचा फरक दिसतो, पण पहिल्यात चार कोअर आणि २०१९ची रचना, दुसऱ्यात सहा कोअर आणि त्यापुढची रचना. ७०००च्या त्या मालिकेत नवं-जुनं तिसरा आकडा सांगतो. शिवाय ७५२०यूच्या लॅपटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेलीच असते. म्हणून दुकानदाराला "आय३ आहे का, रायझन आहे का" असं विचारू नये, पूर्ण नंबर लिहून मागावा.

आणि दुकानात एक गोष्ट स्वतः करावी. लॅपटॉप सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर गेलं की रॅम किती, स्लॉट किती आणि त्यातले वापरलेले किती, हे दिसतं. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' असं आलं तर ती रॅम सोल्डर केलेली आहे. मी हे २०२२मध्ये केलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

पैसे कमी असतील तर कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉप घेण्यात कमीपणा मानू नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आणि आता बहुतेक शहरांत ते मिळतात, मजबूतही असतात. पण विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप दहा-बारा हजारांत मिळाला तरी घेऊ नये. जुन्या बॅटरीचा खर्चही आधीच हिशेबात धरावा.

बिल जीएसटीचं, पक्कं घ्यावं. वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर तिथेच पाहावं. ऑफिस कायमचं आहे की एका वर्षाचं तेही विचारावं. बऱ्याच कॉलेजांच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्ट ३६५ विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, तिथे वेगळे पैसे भरायची गरज नसते.

आम्ही शेवटी घेतला तो चौदा इंची, १.४ किलोचा, आय३-१२१५यूचा, ८ जीबी रॅम, एक स्लॉट रिकामा. एकेचाळीस हजार. पुढच्या वर्षी तिने शिष्यवृत्तीच्या पैशातून आणखी ८ जीबी स्वतः टाकून घेतली, तेव्हा दोन हजारांत काम झालं. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, म्हणून आता घेणाऱ्यांनी शक्य असेल तर सुरुवातीलाच पुरेशी रॅम घ्यावी. साडेतेवीस आणि एकेचाळीस मिळून आमचे साडेचौसष्ट हजार गेले.

पैशांपेक्षा ते आठ महिने मला जास्त लागतात. आईबापांनो, लॅपटॉप घेताना मुलांना सोबत न्या. दिल्यावर महिनाभराने त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, सुरू करून दाखव. "चालतोय ना?" एवढंच विचारलंत तर ती हो म्हणतील.

ती आता एम.एस्सी. करते आहे. लॅपटॉप तोच आहे.