आवळीभोजनाला लहानग्यांना नेताना

लहान मुलांचं वनभोजन कार्तिकातच करायचं, हे आधी मनाशी पक्कं कर, पोरी. ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो, पावसाळ्यात गवताखाली चिखल आणि वर डास, आणि पौषातलं धुकं कधीकधी उन्हं चढली तरी हलत नाही. कार्तिकात ऊन कोवळं, माती सुकलेली आणि बाजारात आवळे आलेले. आपल्याकडे वैकुंठ चतुर्दशीच्या सुमाराला आवळीभोजन, तर शेजारच्या हिंदी घरांतून आंवला नवमी. म्हणजे नई सडकेवरच्या आपल्या गल्लीतल्या सगळ्याच मुलांना हे ओळखीचं आहे. सगळ्यांना बोलाव. फक्त मराठी घरांतल्या मुलांची सहल मला कधीच पटली नाही. ज्यांच्याबरोबर रोज जिन्यात खेळतात, त्यांच्याशिवाय मुलांना बाग सुनी वाटते.

कुठे जायचं, याचा फार विचार करू नकोस. घरात कोणीतरी तिघऱ्याचं नाव काढेलच. सांक नदीवरचं ते धरण १९१६ सालचं, देखणं आहे खरं, पण लांब आहे आणि समोर अथांग पाणी. किल्ल्याचा चढ सहा वर्षांच्या आतल्या पायांना झेपत नाही. तिथं आईबापांचाच जीव मुठीत राहतो. लहानांसाठी फुलबागच बरी. ही बाग माधवराव शिंद्यांनी करवली, १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते ती खुली झाली. मंदिर, मशीद, गुरुद्वारा सगळं एकाच आवारात. आपल्या घरापासून ई-रिक्षा थोड्या वेळात पोचवते, आणि कोणाला बरं वाटेनासं झालं तर तितक्याच लवकर परत आणते. प्राणिसंग्रहालय तिथंच आहे, म्हणून तेही त्याच दिवशी उरकायचा मोह होईल. तो टाळ. वाघ बघून झालेलं मूल पंगतीला बसत नाही. राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीला मात्र जाता जाता पाच मिनिटं थांबा, प्रत्येकाच्या हातून एक फूल वाहू दे. १८५८ ची सगळी गोष्ट तेव्हाच सांगायला हवी असं नाही.

आदल्या दिवशी एकटी जाऊन ये, अकराच्या सुमाराला, कारण सकाळची सावली तोवर सरकलेली असते. सतरंजी कुठे पडेल, नळाला पाणी येतं का, स्वच्छतागृह उघडं असतं का, जवळ हौद किंवा डबकं आहे का, हे बघ. बागेत बसून खाऊ देतात का, ते फाटकावर विचारून ये. आवळीचं झाड सापडलं तर उत्तम. नाही तर बाजारातून आवळे लगडलेली एक फांदी आण, सतरंजीच्या मधोमध ठेव, हळदकुंकू मुलांच्याच हातून वाहायला लाव. बागेतल्या झाडाची फांदी मात्र तोडायची नाही.

रस्ता ओलांडायचा म्हणून एक जाड सुती दोर घे आणि त्याला हात हात अंतरावर गाठी मार. प्रत्येक गाठ म्हणजे आपल्या छोट्या लाइनचं एकेक स्टेशन: घोसीपुरा, मोतीझील, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगड, शेवटी श्योपूर. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ती गाडी २०२० मध्ये बंद झाली, आताच्या मुलांनी ती पाहिलेली नाही. म्हणून तर ही नावं त्यांच्या तोंडी घालायची. ‘जौरा कुठे आहे?’ असं विचारलं की त्या गाठीचं मूल ओरडून ‘हजर’ म्हणतं, आणि डोकी मोजायचं कामही होतं. इंजिनाला एक मोठं माणूस, गार्डाच्या डब्याला एक, आणि दर तीन मुलांमागे एक तरी मोठं माणूस असलंच पाहिजे. त्यात काटकसर नको.

खाणं कोरडं, लहान आणि हातात धरता येईल असं. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळपापडीच्या वड्या. दहीभात न्यायचा तर भात दुधात कालव आणि विरजणापुरतं दही घाल. दुपारपर्यंत तो बेताचा लागतो, आंबत नाही. मुरमुऱ्यांच्या भडंगात शेंगदाणे घालू नकोस. धाकट्यांच्या घशात दाणा अडकतो, हे विसरायचं नाही. द्राक्षं उभी चिरून दे, उकडलेल्या शिंगाड्यांचे बारीक तुकडे कर, गजक कुस्करून दे. डब्यांना मुंग्या लागतातच. परातीत दोन बोटं पाणी घालून त्यात डबे ठेव. पाणी घरचं, उकळलेलं, तोटीच्या कॅनमध्ये. प्रत्येकाने आपली वाटी आणि पंचा स्वतः आणायचा. मटार न्यायला विसरू नकोस. सोलायला दिलेस की तीन वर्षांचं मूलही कामाला लागतं, आणि ज्याने दाणे सोललेत तो ते खातोच. अगदी धाकट्याला मात्र दाणे चेचून द्यायचे.

जेवणानंतर आवळ्याची जादू करायची. प्रत्येकाला आवळ्याची पातळशी फोड दे. तोंडं वाकडी होतील, होऊ देत. लगेच घोटभर पाणी प्यायला लाव. पाणी गोड लागलं की सगळ्यांना पुन्हा हवं असतं. साखर कुठे घातली, म्हणून कॅनमध्ये डोकावून बघतात ती!

खेळ फार योजू नकोस, दोन पुरतात. ‘मामाचं पत्र हरवलं’ खेळव. हिंदी घरांतली मुलं तेच ‘कोडा जमालशाही’ म्हणून खेळतात, त्यामुळे कोणाला काही शिकवावं लागत नाही. फक्त त्यातला रुमालाचा मार काढून टाक. दुसरा खेळ आंधळी कोशिंबीर, पण सपाट जागेवर, आणि हौदाच्या बाजूला मोठ्यांची भिंत करून. बाकी वेळ त्यांना पानं, बिया, काड्या गोळा करू दे. जे मूल खेळात येत नाही, त्याला ओढू नकोस. सतरंजीच्या कडेला बसून तेही बघत असतंच. त्याच्या हाती पत्रावळी वाटायचं काम दे.

निघायचं साडेनऊला, परतायचं एकच्या आत. मुलं अजून रंगात असतानाच सामान आवर. दमून रडायला लागली की गाठींचा दोर कोणी धरत नाही. पत्रावळी, साली सगळं आपल्याच पिशवीत भर, आणि ते काम मोठ्यांनी नाही, मुलांनी करायचं. घरी आल्यावर आधी हातपाय धुवून घे, तळवे आणि मानेखालची बाजू काटा किंवा किडा लागलाय का ते बघून घे, मगच झोपव. आणि मुलांच्या आयांना जी वेळ दिली असशील, तिच्याआधी पाच मिनिटं गल्लीच्या तोंडाशी पोच.