पंचांचे मौन
सॉफ्टबॉल हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी जन्मास आला. चारही बेसना क्रमाने स्पर्श केला म्हणजे धावकाची एक धाव पुरी होते. समजा, धावण्याच्या भरात त्याचा पाय दुसऱ्या बेसला लागलाच नाही. पंच ते पाहतात. पण बोलत नाहीत! पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी क्षेत्ररक्षकांनी दाद मागितली, तरच धावक बाद होतो व त्याची धाव रद्द होते. एरवी ती कायम राहते. क्रिकेटमध्येही दाद मागितल्यावाचून पंच कोणास बाद ठरवीत नाहीत.

हे मौन म्हणजे अन्याय नव्हे. एका पक्षाची चूक दुसऱ्यास दाखविणे हाच पक्षपात ठरेल. न्याय देणे हे पंचांचे काम. जागरूक राहणे हे खेळाडूंचे.