पलंगाखालचा पाहुणा

अगं पोरी, तू रस्त्यावरचं कुत्रं घरी आणलंस हे तुझ्या आईनं मला फोनवर असं सांगितलं, जणू तू न विचारता लग्नच करून आलीस. मी म्हटलं, बरं केलं तिनं. गेली तीसेक वर्षं तुझी ही आत्या हाच उद्योग करते आहे. आधी मोती, मग ठमी, आता खंडू. खाली लिहिलेली प्रत्येक चूक माझ्या हातून झालेली आहे, काही तर दोनदा. म्हणून हा उपदेश समजू नकोस. चहा घेता घेता वाच.

१. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नकोस, शेजाऱ्यांना बोलावू नकोस, फोटोसाठी मांडीवर घेऊ नकोस — तू त्याला वाचवलंस हे तुला माहीत आहे. त्याच्या लेखी त्याला पळवून आणलंय.

२. पलंगाखाली जाऊन बसला तर बसू दे, हात घालून ओढू नकोस — मोतीला मी तसंच ओढलं होतं. माझ्या अंगठ्यावरची खूण बघून तू लहानपणी विचारायचीस ना, ती त्याचीच.

३. पलंगाखालीच एक जुनी गोधडी सरकव, खाणं हातभर बाहेर ठेव आणि आपल्या कामाला लाग — बिळातून ओढलेला चावतो, बिळातून आलेला राहतो.

४. पाळणाऱ्यांचा एक हिशेब आहे: ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने. तीन दिवस भेदरण्याचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे, तीन महिने हे घर आपलं वाटण्याचे. पण हा ठोकताळा आहे, पंचांग नव्हे — खंडू चौथ्या दिवशी सोफ्यावर चढला, ठमीला सहा महिने लागले.

५. त्याच्यासमोर एकदम खाली वाकू नकोस — आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यानं वाकणारा माणूस एकाच कामासाठी पाहिलेला असतो, दगड उचलायला. दत्ताच्या फोटोतल्या चार कुत्र्यांना आपण हात जोडतो आणि दारातल्याला हाड् करतो. ते त्यानं लक्षात ठेवलेलं असतं.

६. नजरेला नजर देऊ नकोस, डोक्यावरून हात फिरवायची घाई करू नकोस. त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बस आणि भाजी निवड — रोखून बघणं ही त्यांच्यात भांडणाची सुरुवात असते. मेथीची दुसरी जुडी संपेपर्यंत ठमी मागून येऊन माझा पदर हुंगत होती.

७. झाडू, छत्री, हेल्मेट, गुंडाळलेलं वर्तमानपत्र यांना तो बिचकला तर हसू नकोस, आणि जोरात दटावू तर मुळीच नकोस — कुठल्या वस्तूनं त्याला किती मारलंय हे आपल्याला कधीच कळणार नाही.

८. गुळगुळीत फरशीवर पोती किंवा जुन्या सतरंज्या टाक — मातीवर वाढलेले पाय टाइल्सवर घसरतात, आणि घसरलेलं कुत्रं ती खोलीच टाकतं.

९. घरात शी-शू केली तर मुकाट्यानं पूस. जेवल्यावर, झोपून उठल्यावर आणि खेळल्यावर लगेच मातीत ने, तिथं केली की जागेवरच शाब्बासकी दे — नाक घासायची जुनी पद्धत मीही केली. मोती त्यातून एवढंच शिकला की मी बघत नसताना सोफ्यामागं करायची.

आता एक गोष्ट नीट समजून घे, कारण ती मला फार उशिरा कळली. पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला पुढं जन्मभर नेहमीचं वाटतं. तुझ्या पाहुण्यानं त्या वयात रिक्षा पाहिल्या, वडापावची गाडी पाहिली, पाऊस पाहिला. मिक्सर, लिफ्ट आणि आरसा नाही पाहिले. तेव्हा ट्रकला न घाबरणारं कुत्रं मिक्सरला का घाबरतं, असं चारचौघांत विचारत बसू नकोस.

१०. त्याच्या अंगाकडे बघायला शीक. झोप नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसणं, उकाडा नसताना धापा, अंग कोरडं असताना ओलं झाल्यासारखं झटकणं — ही सगळी ‘मला जड जातंय’ची भाषा आहे. चावा हा त्या वाक्यातला शेवटचा शब्द असतो.

११. शेपूट हलली म्हणजे खूश, असं धरून चालू नकोस — ताठ, उंच आणि भराभर हलणारी शेपूट भांडणाचीही असते. सैल अंगानं कंबरेसकट हलली तर ती आपली.

१२. आवडता चिकनचा तुकडा नाकासमोर असून घेत नसेल, तर शिकवणं तिथंच थांबव आणि त्याला लांब ने — घाबरलेल्याला दार दिसतं, दाणा दिसत नाही.

१३. गुरगुरला म्हणून रागावू नकोस; दोन पावलं मागं हो आणि कशावर गुरगुरला ते बघ — गुरगुर ही दाराची घंटा आहे. मी मोतीची घंटा रागावून रागावून काढून टाकली, मग तो न वाजवताच चावायला लागला.

१४. खाताना ताटलीला हात लावून ‘सवय’ करू नकोस. उलट जाता जाता ताटलीत काहीतरी चांगलं टाक आणि पुढं जा — तू जवळ आलीस की वाढतं, कमी होत नाही, हे त्याच्या पोटाला कळू दे.

१५. दिवसभराच्या भीतीची बेरीज करत जा. सकाळी मिक्सर, दुपारी कुरिअरवाला, संध्याकाळी शेजारचं बाळ रडलं आणि रात्री तो तुझ्यावर उगाच भुंकला — उगाच नाही, तू त्या दिवसातली चौथी गोष्ट होतीस. त्याची वाटी आधीच काठोकाठ भरलेली होती.

१६. असा दिवस गेला की पुढचे एक-दोन दिवस नवं काही करू नकोस. नवी माणसं नाहीत, नवी वाट नाही — धडधड तासाभरात थांबलेली दिसते, पण भीतीचा चढलेला पारा पुरता उतरायला त्याहून बराच वेळ लागतो.

१७. झोपू दे. मोठं कुत्रं दिवसातले १२-१४ तास सहज झोपतं, आणि रस्त्यावरचा बिचारा कायम एक डोळा उघडा ठेवून झोपलेला — निजलेल्याला हलवून उठवू नकोस, लांबून हाक मार. मुलांनाही हे पहिलं शिकव.

१८. शिकवताना पाच मिनिटांच्या वर जाऊ नकोस, आणि घरात एका गोष्टीला एकच शब्द ठरवा — आमच्याकडे मी ‘बस’ म्हणायची, तुझे काका ‘खाली’ आणि धाकटा ‘सिट’. ठमी तिघांकडे बघून निघून जायची. तीन तोंडांचं घर, कुत्र्याला कुठलं दार?

१९. रागवायला, गोळी द्यायला किंवा आंघोळीला कधीही हाक मारून बोलावू नकोस, स्वतः उठून जा — त्याचं नाव म्हणजे चांगली बातमी. एकदा ते खोटं निघालं की मैदानात तू घसा फोडलास तरी तो ढुंकून बघणार नाही.

२०. पट्टा नुसता गळ्याचा नको, छातीचाही घे. पहिले काही महिने छातीचा आणि गळ्याचा असे दोन लाव, दोन्ही हातात ठेव — घाबरलेलं कुत्रं उलटं सरकून गळ्याच्या पट्ट्यातून डोकं कसं सोडवतं, हे मी भर चौकात पाहिलंय.

२१. सुटलाच तर मागं धावू नकोस. खाली बस, खाऊची पिशवी खुळखुळव, नाहीतर उलट्या दिशेनं पळ — मागं धावणाऱ्यापासून पळायचं, हे त्याला चालायच्याही आधी कळलेलं असतं.

२२. फिरायला नेशील तेव्हा किती किलोमीटर झाले ते मोजू नकोस, हुंगू दे. एका खांबाशी चार मिनिटं उभा राहिला तर तूही राहा — तो त्याचा पेपर आहे, आणि पेपर वाचणाऱ्याला ओढून नेलेलं तुझ्या काकांनाही आवडत नाही. पाऊस असेल त्या दिवशी जुन्या टॉवेलात खाऊचे चण्याएवढे तुकडे गुंडाळून दे. नाकाला काम, मनाला आराम.

२३. उन्हाळ्यात आधी आपल्या हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघ — तुला नाही सोसलं तर त्याच्या पंजांनाही नाही सोसणार.

आता फटाके. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ठमीची पहिली दिवाळी मी वाया घालवली. ‘घाबरली की जवळ घेऊ नका, लाडानं भित्री होईल’ असं कुणीसं सांगितलं आणि मी ऐकलं. रात्रभर ती मोरीत थरथरत होती आणि मी दाराबाहेर मन घट्ट करून बसले होते. भीती ही काही खोडी नाही, की लक्ष दिलं म्हणून वाढेल. आपल्याला २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्यांना ४० हजारांच्याही पुढचे. सुतळी बॉम्ब आपल्यासाठी गल्लीत फुटतो, त्यांच्यासाठी कानात.

२४. तयारी आषाढातच सुरू कर. मोबाइलवर फटाक्यांचा आणि ढोल-ताशाचा आवाज अगदी बारीक लाव, इतका की त्यानं फक्त कान टवकारावा. आवाज आला की लगेच चिकन, आवाज बंद की चिकन बंद — क्रम चुकवू नकोस. आधी खाणं आणि मग आवाज झाला, तर तो खाण्यालाच घाबरायला लागेल. पावलोव्हला १९०४ चं नोबेल पचनाच्या अभ्यासासाठी मिळालं, पण आवाजामागून खाणं येत राहिलं की पुढं नुसत्या आवाजालाच कुत्र्याला लाळ सुटते, ही त्याची गंमत मला कुकरच्या शिट्टीनं शिकवली. पहिल्या शिट्टीला पळणारी ठमी वर्षभरात तिसऱ्या शिट्टीला ओट्याशी येऊन बसायला लागली.

२५. आवाज आठवड्याला बोटभरच वाढव. बिचकला की चूक तुझी, एक पायरी खाली ये — घाईनं चढवलेला आवाज महिन्याची कमाई एका रात्रीत घालवतो.

२६. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आण, पोटभर जेवू घाल, खिडक्या-पडदे लाव, पंखा आणि टीव्ही चालू ठेव, आणि आतल्या खोलीत त्याची जागा कर. गळ्यात तुझा फोन नंबर असलेला बिल्ला हवाच — दिवाळीत हरवलेली कुत्री पुष्कळदा उघड्या दारातूनच गेलेली असतात.

२७. जवळ आला तर जवळ घे, मोरीत जायचं असेल तर मोरीत जाऊ दे — आसरा त्यानं निवडायचा, आपण फक्त दिवा मंद करायचा.

२८. फारच थरथरत असेल तर सणाच्या तीन आठवडे आधी जनावरांच्या डॉक्टरांशी बोल, आणि गोळी दिली तर ती एका साध्या दिवशी देऊन बघ. शेजारणीनं दिलेली ‘झोपेची’ गोळी नको — काही औषधं अंग लुळं करतात आणि भीती जागीच ठेवतात, त्याहून वाईट काही नाही.

२९. मुसकं घालायला आत्ताच शिकव, गरज नसताना. जाळीचं घे, आत दह्याचं बोट लाव, तो आपणहून तोंड घालेल तेव्हा घालू दे — मळणीला बैलाला मुसकं बांधायचे, तेव्हा बैलाला कुणी वाईट म्हटलं नाही. डॉक्टरकडं दुखऱ्या पायाला हात लावायची वेळ येईल, तेव्हा ते आधीच ओळखीचं असू दे.

३०. एकटं राहायला एका मिनिटापासून शिकव. किल्ल्या उचल आणि परत ठेव, चप्पल घाल आणि काढ, दाराबाहेर जा आणि लगेच ये — निरोपाचा सोहळा करू नकोस. तू रडत निघालीस की त्याला वाटतं, प्रकरण गंभीर आहे.

३१. शांत कुत्रं अचानक चिडकं झालं तर स्वभावाला नावं ठेवण्याआधी कान, दात आणि कंबर तपासून घे — खंडू पाठीला हात लागला की दात दाखवायचा. निघालं काय, तर गाडीखाली आल्याचं जुनं दुखणं.

३२. कानाला खाच असली म्हणजे नसबंदी झाली आहे आणि तेव्हा रेबीजची लस दिलेली आहे, पण कधी ते तो कान सांगत नाही. म्हणून लस नव्यानं टोचून घे आणि मग दरवर्षी. महापालिकेचा परवानाही काढून टाक — सोसायटीच्या मीटिंगमध्ये कागद बोलतो, आत्या बोलत नाही.

३३. दात लागला, ओरखडा उठला, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धू आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, मिरची काही लावू नकोस. सांगितलेले सगळे डोस पुरे कर, मध्येच सोडू नकोस — पोटातल्या चौदा सुयांचा काळ गेला, आता दंडात चार-पाचदा टोचतात. पण रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर जवळपास कुणीच वाचत नाही. यात मी थट्टा करत नाही.

३४. आपल्या ताटातलं देताना हात आखडता घे. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं नकोत. आपल्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या तर नकोतच — प्रेमानं दिलेल्या विषाला उतारा वेगळा नसतो. उकडलेलं बिनमिठाचं चिकन, गाजर आणि थोडा दहीभात यावर आमची तिन्ही पोरं वाढली.

तू मागच्या आठवड्यात फोनवर म्हणालीस, ‘आत्या, अजून तो माझ्याकडे बघत पण नाही.’ अगं, किती दिवस झाले? अकरा. तुझे काका माझ्याशी लग्नानंतर पंधरा दिवस धड बोलले नव्हते.

लक्ष्मीपूजनाला तुम्ही दोघं इकडेच या. आमची मधली खोली सगळ्या बाजूंनी आतली आहे, आवाज कमी येतो. कुकर मी लावीन. येताना त्याची ती मळकी गोधडी घेऊन ये आणि धुवून आणू नकोस — नव्या घरात त्याला ओळखीचा वास तेवढाच असेल.