नेट नसलेले अकरा दिवस आणि गीतेचा सहावा अध्याय



आजचा श्लोक आहे गीता, अध्याय ६, श्लोक २६. अर्थ साधा आहे. हे चंचल मन जिथे जिथे पळेल, तिथून तिथून त्याला माघारी आणायचं आणि आत्म्यापाशी बसवायचं. किती वेळा आणायचं, हे भगवंतांनी सांगितलेलं नाही. मला ते 'नाही'च फार महत्त्वाचं वाटतं. का, ते सांगतो.

गेल्या महिन्यात आमच्या धुळ्याच्या घरी अकरा दिवस नेट नव्हतं. गल्लीत पाइपलाइनसाठी खोदकाम झालं आणि फायबर तुटली. नेटवाला रोज म्हणायचा, "उद्या नक्की, भाऊ." घर जुनं, भिंती हातभर जाड, मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर. ऑफिसचं काम निभलं. लॅपटॉप घेऊन पाचकंदीलजवळ मित्राच्या दुकानाच्या माळ्यावर बसायचो. खाली गिऱ्हाईकं, वर माझी मीटिंग. खरी पंचाईत संध्याकाळी सातनंतर सुरू व्हायची. राऊटरचा लाल दिवा हिरवा झाला का, हे बघायला मी दर पाच मिनिटांनी उठायचो. शेवटी आई म्हणाली, "कसाले इतला तळमळस रे?"

काय उत्तर देणार?

आमचे आप्पा निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपासून त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. रोज संध्याकाळी टीव्हीवर यूट्यूबचं एखादं प्रवचन लावून द्यायचो आणि मी माझ्या खोलीत. ही आपली सेवा, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आज काही लावणार नाहीस का?"

"नेट नाही ना, आप्पा."

"मग तूच वाच की."

कपाटातून त्यांनी हाताने चाचपून 'गीता प्रवचने' काढलं. पुस्तक विनोबांचं, पण जन्म आपल्या धुळ्याचा. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार त्यांनी सोबतच्या कैद्यांना गीता सांगितली. तेव्हा कोण रेकॉर्ड करणार? सानेगुरुजी तिथेच कैदेत होते, समोर बसून त्यांनी हाताने उतरवून घेतलं. आपण 'नंतर ऐकू' म्हणून लिंक सेव्ह करतो. गुरुजींना ती सोय नव्हती. त्या क्षणी कानावर पडलेलं निसटलं की निसटलं. अमळनेरच्या शाळेतल्या या मास्तरांचं लक्ष त्या अठरा रविवारी कसं असेल, याचा मी वाचताना बराच विचार केला. खरं तर वाचन सोडून तोच विचार करत होतो आणि दोन ओळी गाळल्या. आप्पा लगेच म्हणाले, "मधलं राहिलं." त्यांना ते जवळजवळ पाठ होतं. दोन वर्षं मी ज्यांना 'ऐकायला लावून' देत होतो, त्यांना!

आठव्या दिवशी सहावा अध्याय आला. विनोबांनी तो २७ मार्च १९३२ ला सांगितला. त्यात चित्ताच्या एकाग्रतेबरोबर जीवनाच्या परिमिततेवर त्यांचा भर आहे. गीतेतही तेच आहे: अति खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. म्हणजे नेट तोडून संन्यास घ्या, असा याचा अर्थ मी तरी काढत नाही. (पगार नेटवरच येतो, मंडळी.) पण अर्जुनाची तक्रार मला त्या आठवड्यात शब्दशः पटली. मन आवरणं वारा मुठीत धरण्याइतकं अवघड आहे, असं तो म्हणतो. भगवंत त्याला खोडून काढत नाहीत. हो, अवघड आहे, म्हणतात, आणि दोन उपाय देतात: अभ्यास आणि वैराग्य.

अभ्यास म्हणजे काय, हे मला माझ्या कामातून कळलं. टीसीपीमध्ये पाठवलेल्या पॅकेटची पोच आली नाही, तर ते पुन्हा पाठवलं जातं. वाटेत गर्दी वाटली तर वेग कमी करतात, पण पॅकेट हरवलं म्हणून कोणी रागावत नाही. मी मात्र जपात मन भरकटलं की पाच मिनिटं स्वतःवर चिडण्यात घालवायचो. तेही भरकटणंच झालं! २६ व्या श्लोकात शिक्षा नाही, फक्त माघारी आणणं आहे. त्या रात्री वाचताना मन सतरा वेळा राऊटरकडे गेलं असेल. आप्पा दरवेळी एवढंच म्हणाले, "हं, पुढे."

अकराव्या दिवशी संध्याकाळी फायबर जोडली गेली. फोन एकदम थरथरायला लागला, दोनशेच्या वर मेसेज. आम्ही नववा अध्याय उघडून बसलो होतो. मी आप्पांना विचारलं, "टीव्हीवर लावून देऊ?"

ते म्हणाले, "तुला काम असेल तर लाव."

फोन आतल्या खोलीत ठेवून आलो आणि नववा वाचला. मधे दोनदा उठावंसं वाटलं, एकदा उठलोसुद्धा. आज दहावा आहे.